अठराशे एकोणसत्तरचा कायदा आणि शर्लीचा फोन

“तिला विचारा, नवऱ्याने जावं असं तिलाच वाटत होतं का?”

उस्ताद सालेम यांनी फाईल माझ्याकडे परत सरकवली. ते आमच्या ऑफिसचे मुख्य वकील. इथे वकिलांना उस्ताद म्हणतात. कोर्टात उभं राहायचं त्यांनी, फाईल तयार करायची मी, पुण्याच्या एलएल.बी.ने. शारजात, रोल्लाच्या बाजारात, साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. केस रविवारी दाखल करायची होती, तेव्हा इथे रविवार कामाचा दिवस असे. कागद क्रमाने लावून मी कडेला रंगीत टॅगसुद्धा चिकटवले होते. हा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता.

क्लायंट होती शर्ली. मूळची वसईची, इथल्या एका शाळेत गणिताची टीचर. नवरा मेल्विन दुबईत इंटिरिअरच्या कंपनीत सुपरवायझर होता. दोन हजार आठचा क्रॅश आला, टॉवर अर्धे राहिले, क्रेन नुसत्या उभ्या राहिल्या आणि त्याची कंपनी बंद पडली. पुढच्या वर्षी तो गावी गेला, तो आलाच नाही. त्याला आता दोन वर्षं उलटून गेली होती.

घाई होती ती मुलीसाठी. रिया नववीत होती. तिचा व्हिसा आधी बापावर होता. त्याचा कॅन्सल झाल्यावर इमिग्रेशनने तो तात्पुरता आईवर करून दिला. यंदा मात्र काउंटरवर स्पष्ट सांगितलं, बापाची लेखी संमती आणा, नाहीतर कोर्टाचा कागद आणा. मेल्विन संमती देत नव्हता आणि नकारही देत नव्हता. “मी येणारच आहे ना, मग सही कशाला?” एवढंच म्हणायचा. कागद मिळाला नाही तर रियाला वसईला आजीकडे पाठवावं लागणार होतं. शर्लीला नोकरी सोडून तिच्यामागे जाता येत नव्हतं, कारण इथलं आणि तिथलं, दोन्ही घरं त्या नोकरीवर चालत होती.

म्हणून घटस्फोट, त्यात मुलीचा ताबा आईला मिळाला की तोच कोर्टाचा कागद. कारण, नवऱ्याने टाकून दिलं.

इथे थोडं कायद्याबद्दल सांगते. परदेशी माणसाला इथल्या कोर्टात, माझ्या देशाचा कायदा लावा, अशी विनंती करता येत असे. त्यासाठी तो कायदा अरबीत भाषांतर करून द्यावा लागे. शर्ली ख्रिश्चन. भारतात ख्रिश्चनांच्या घटस्फोटाचा कायदा अठराशे एकोणसत्तरचा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. मूळ कायद्यात नवरा टाकून गेला एवढं बायकोला पुरत नसे, सोबत त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ती अट आमच्या पिढीत गेली. आता दोन वर्षं टाकून दिलेलं पुरतं. पण टाकून देणं म्हणजे काय, याची व्याख्या एकोणिसाव्या शतकातलीच राहिली. तक्रार करणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध सोडून जाणं, अशी ती व्याख्या. मी ती कॉलेजात पाठ केली होती. उस्तादांनी ती आदल्या दिवशी अरबीत पहिल्यांदा वाचली, आणि त्यांना लगेच प्रश्न पडला.

मी शर्लीला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं.

“मीच पाठवलं की,” ती म्हणाली. “बॅगसुद्धा मीच भरली. टँगचे डबे, दुधाची पावडर, सासूबाईंना बाम, सगळं.”

मी पेन खाली ठेवलं.

तिने मग सगळं सांगितलं. नोकरी गेल्यावर मेल्विन घरी बसायचा. सकाळी पेपरातल्या जाहिराती बघायचा, दुपारी भांडी घासायचा, संध्याकाळी बसस्टॉपवर तिची पिशवी घ्यायला उभा राहायचा. ओळखीचं कोणी दिसलं की खांबामागे व्हायचा. तिला ते बघवेना. तीच म्हणाली, तू गावाला जा, इथलं मी सांभाळते, मार्केट सुधारलं की बघू. तो हो म्हणाला. एअरपोर्टवर दोघं हसून टाटा करून वेगळे झाले.

“नंतर परत ये म्हणालात?”

“कसं म्हणू? त्याला वाटलं असतं, हिला झेपत नाहीये. फोनवर मी दरवेळी सांगते, आमचं छान चाललंय, तू काळजी करू नको.”

थोडक्यात, नवऱ्याला पाठवलं तिने आणि बोलावलं कोणीच नाही. कायद्याच्या नजरेने मेल्विनने तिला अजून टाकलेलंच नव्हतं. उस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बोलावू दे मग, यल्ला, म्हणजे चला. तो नाही म्हणाला की त्या दिवसापासून पुढे दोन वर्षं मोजायची, तोवर मुलीपुरता तात्पुरता हुकूम मागू.

मी रीतसर नोटीस तयार केली. मराठीत तिचा सारांश असा, की आपण विनाविलंब येऊन संसार पूर्ववत सुरू करावा, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल. शर्लीने ती वाचली.

“मॅडम, हे वाचून तर मीसुद्धा येणार नाही.”

ती म्हणाली, मी फोनच करते. मीटिंग रूममध्ये बसली आणि स्पीकर चालू ठेवला. मला म्हणाली, तुम्ही इथेच थांबा, नाहीतर नंतर मी तुम्हाला गोड करून सांगेन, मला सवय लागलीये.

आधी जेवण झालं का ते झालं. मग सासूबाईंचे गुडघे. मेल्विन केळीच्या वाडीत पाणी सोडत होता, त्यावर थोडी चर्चा झाली. मी घड्याळाकडे बघायला लागले, तेवढ्यात ती म्हणाली,

“मेल्विन, तू परत ये.”

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“काय झालं? रिया बरी आहे ना?”

“बरी आहे. तू ये. आम्हाला नाही जमत तुझ्याशिवाय.”

“तू तर म्हणायचीस छान चाललंय.”

“खोटं बोलायचे.”

मग म्हणाला, “पहिलं वर्ष मी रोज वाट बघितली गं, तू ये म्हणशील म्हणून. नंतर भीती वाटायला लागली, खरंच म्हणालीस तर काय करू.”

“आता म्हटलं.”

“आता नाही येत मी, शर्ली. इथे सकाळी उठलं की काम असतं. तिथे भांडी घासून तुझी वाट बघायचो.”

“भांडी छान घासायचास पण.”

“ते आहेच.”

दोघंही हसले. मी खिडकीतून खालची पार्किंग बघत राहिले.

“मग रियाच्या कागदावर सही कर,” ती म्हणाली.

“केली असती. वाटायचं, सही केली की मी गेलो असं होईल.”

“तू गेलायस, मेल्विन.”

“हो.” मग तो म्हणाला, “आई विचारतेय, नाताळला येणार ना दोघी?”

“येऊ.”

रिया बाहेर रिसेप्शनला पुस्तक घेऊन बसली होती. तिने विचारलं, “So, is he coming?” शर्ली म्हणाली, नाही, पण तू इथेच राहतेयस. रिया म्हणाली, “Okay,” आणि आईचा हात धरला. लिफ्टपर्यंत तो सोडला नाही.

संमतीपत्र सगळे शिक्के मारून आलं आणि रियाचा व्हिसा झाला. दहावी तिने आईजवळच केली. घटस्फोट दोघांनी परस्पर संमतीने गावाकडच्या कोर्टात घेतला. त्यात कोणी कोणाला टाकलं हे सिद्ध करावं लागत नाही, दोन वर्षं वेगळे राहिलो एवढं सांगितलेलं चालतं. अर्ज एका सुट्टीत केला, निकाल पुढच्या सुट्टीत लागला. चर्चचा मामला वेगळा, तो त्यांनी फादरांवर सोपवला. निकालाच्या दिवशी दोघं मेल्विनच्याच स्कूटरवरून कोर्टात गेले, कारण त्याच्या गावातून रिक्षा मिळत नाही. हे शर्लीने मला फोन करून सांगितलं, आणि सासूबाईंनी दुपारी जेवायला काय केलं होतं तेही.

आमच्या ऑफिसला सल्ल्याची फी तेवढी मिळाली. उस्ताद म्हणाले, खलास, चांगलं झालं, आणि पुढची फाईल मागितली. एवढी तयार केस एका फोनवर संपली. असे फोन लोक वेळेवर करायला लागले तर आमचा धंदा बसेल. सुदैवाने फारसं कोणी करत नाही.