तुरीच्या दोन काड्या

यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर रेसिंग सायकलची दोन चाकं घेऊन. त्यातलं एक माझ्या गुडघ्याला घासत होतं, म्हणून मी जरा वैतागलोच होतो. तो मात्र खिशातून तुरीच्या दोन काड्या काढून सारखा चाकांच्या आसाला लावून बघायचा. आखूड काडी सायकलच्या पुढच्या चिमट्याच्या मापाची, लांब काडी मागच्या फ्रेमची.

“दुकानात मोजलं नाही का?” मी विचारलं.

“मोजलं ना भाऊ. पण मागं असंच काडीवर माप नेऊन पोरीले चपला आणल्या. सालभर चावल्या तिले, पण बापानं आणल्या म्हणून बोललीच नाही. हे चाकंबी कशीही बसली तरी ते चांगलीच म्हणन.”

फाट्यावर जीप थांबली. त्याची मुलगी बिनचाकाची सायकल खांद्यावर घेऊन उभी होती. त्यानं तिथंच उकिडवं बसून चाकं बसवली, फिरवून पाहिली. कुठंच घासली नाहीत. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला नाही.

“बराबर बसली, बाबा,” ती म्हणाली.

त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. बसल्या बसल्या तो अंगठ्यानं तिच्या बुटाचं टोक दाबून पाहत होता.