रमवायच्या नाहीत, शिकवायच्या

आर्या, नील,

कुंदामावशी गेली हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल. महिना झाला. आज तुमची ही आजी लिहायला बसली, कारण शाळेतल्या शोकसभेत एक शब्द ऐकला आणि तो खोडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. "कुंदाबाई चित्रं काढून मुलांना छान रमवायच्या," असं आमचे जुने मुख्याध्यापक म्हणाले. रमवायच्या... जणू वाढदिवसाला बोलावलेली जादूगारच!

घाटकोपरच्या त्या शाळेत ती मराठी शिकवायची, मी इंग्रजी. खरं सांगते, तेव्हा मीही सरांच्याच बाजूची होते. आठवीला वाक्प्रचार शिकवताना कुंदा फळाभर माणसं काढायची, मुलांनाही काढायला लावायची. "अगं, आठवी आहे, बालवाडी नाही," मी म्हणायचे. "तू तुझे समास आख," ती म्हणायची.

एकदा ती आजारी पडली, म्हणून तिच्या वर्गाच्या चाचणीचे पेपर मी तपासले. 'पाठ दाखवणे'चा वाक्यात उपयोग करायचा होता. सारिका नावाच्या मुलीने लिहिलं होतं, 'आईने डॉक्टरांना पाठ दाखवली.' मी लाल फुली मारली, वर ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसून लोळला. सारिका दोन दिवस शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशी मात्र आली. आधीच ती काठावर. सर तिला त्याच वर्गात ठेवायचं म्हणत होते.

कुंदा परतली ती थेट माझ्या अंगावरच आली. "तिचं चुकलं काय गं? दाखवलीच असेल ना आईने पाठ! आपण तिला दुसरं काही दाखवलंय का?" मग तिने सारिकाला बोलावून दोन चित्रं काढायला लावली. एकात दवाखान्यातली आई, दुसऱ्यात लढाई सोडून पळणारा शिपाई. "याचा चेहरा कुठाय?" तिने विचारलं. सारिका बराच वेळ बघत राहिली. "दिसतच नाही, बाई. समोरच्यांना नुसती पाठ दिसतेय... पळाला ना तो!" आणि चित्राखाली तिने आपणहून लिहिलं, 'सगळे हसले, तरी मी शाळेला पाठ दाखवली नाही.'

त्या 'सगळे'मध्ये मी पहिली होते.

तो कागद घेऊन कुंदा सरांकडे गेली. "हे चित्रकलेच्या तासाला, बाई," सर म्हणाले. "हा मराठीचा पेपर आहे, सर. तपासा," असं म्हणून ती टेबलासमोरून हललीच नाही. सारिका त्या वर्षी नववीत गेली.

शोकसभेत मी उभी राहिले. "रमवायच्या नाहीत, सर. शिकवायच्या." हातात माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "बसा बाई, भावना समजतात," सर म्हणाले. मी बसले नाही. ही सगळी हकिकत सांगितली, माझ्या लाल फुलीसकट. कुणी हसलं नाही.

दर शनिवारी फोनवर मी तुम्हाला मराठी शब्द सांगते आणि लिहायच्या आधी त्याचं चित्र काढायला लावते. ती रीत कुंदाची आहे. ती चालू आहे.