आईची तेलचटणी आणि काकांचं शौर्य

माझ्या काकांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, निजाम सरकारच्या एका दफ्तरात कारकून. हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्याच घरात राहायचे. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रूमी टोपी, आणि साहेबाचं नुसतं नाव निघालं तरी बसल्या जागी कंबर वाकायची.

साहेबाला खूश ठेवायला त्यांच्याकडे एकच वस्तू होती, आणि तीही स्वतःची नव्हे. आईची तेलचटणी. बेगम बाजारातून आणलेल्या सुक्या मिरच्या आई कुटायची नाही, हातानं चुरडायची. करडईच्या तेलात लसणाचे काप सोनेरी झाले रे झाले की झाऱ्यानं बाहेर. जरा उशीर झाला तर कडू होतात. त्यामागून खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे तळून घ्यायची. मग कढई चुलीवरून उतरवून तेलात मिरचीचं एक बी टाकून बघायची. ते काळं पडलं तर अजून थांबायचं. नुसतं फेसाळून वर आलं की मिरची आणि तीळ घालायचे. मिरचीचा असा खाट उठायचा की शेजारीपाजारी ठसकायचे. तळलेलं सगळं ती तेल पार गार झाल्यावरच मिसळायची, म्हणून आठ दिवसांनीही लसूण दाताखाली कुरकुरायचा.

हे चालू असताना काका ओसरीवर नाकाला रुमाल लावून बसायचे. बरणी भरली की आत यायचे. "वहिनी, एक साहेबांसाठी."

देश स्वतंत्र झाला, आमचं हैदराबाद राहिलं तसंच. समोरच्या घरातल्या मास्तरांनी शाळेवर तिरंगा लावला आणि ते तुरुंगात गेले. काका रोज संध्याकाळी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे. अटकेच्या दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या बोळातून ये-जा करू लागले. मास्तरांची बायको दारात दिसली तर नजरानजर होईल, एवढीच त्यांना काळजी.

मास्तरांना तुरुंगातली भाकरी गिळवत नाही, असं कळल्यावर आईनं चटणी केली. छोटी बरणी घेऊन ती निघाली, तर काका उंबऱ्यात आडवे.

"कुठं चाललात, वहिनी?"

"समोर. त्या परवा भेटीला जायल्यात. त्यांच्याबरोबर देते."

"नक्को! कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"चटणी आहे भाऊजी, बाँब नाही."

काकांनी बरणी तिच्या हातातून ओढली आणि दारासमोरच्या गटारात उपडी केली. पाण्यावर लाल तेल पसरत गेलं. दुसऱ्या दिवशी काका दफ्तरात गेल्यावर आईनं पुन्हा कढई चढवली, आणि भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, रस्ता ओलांडून बरणी देऊन आली.

पुढे हिंदी फौजा आल्या. तेवढे दिवस काका आतल्या खोलीत गोधडीखाली होते. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं, तेव्हा बाहेर आले ते थेट न्हाणीघरात. रूमी टोपी त्यांनी बंबात घातली. जळक्या लोकरीचा वास दोन दिवस घरात होता. आठवड्यात डोक्यावर गांधी टोपी आली, कंबर मात्र तशीच वाकत राहिली.

दफ्तरात नवा साहेब आला, पुण्याचा. काकांनी त्याला जेवायला बोलावलं. आमची मराठी त्याला मराठीच वाटत नसावी. आईनं "आणखी नक्को का?" विचारलं तर म्हणाला, "नको म्हणावं, बाई. नक्को नव्हे." तेलचटणी चाखून डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "छान आहे. साखर घालत नाही का तुम्ही?"

काका पुढे सरसावले. "साहेब, ही साधी चटणी नाही. धरपकडीच्या दिवसांत आम्ही ही तुरुंगात पोचवली. जिवावर उदार होऊन."

आई भाकरी वाढत होती. "हौ," ती म्हणाली. "पहिली बरणी भाऊजींनीच पोचवली. गटारात."

साहेबाला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. सगळ्यांत मोठ्यानं काका हसले. माझे वडील ताटात बघत राहिले, आणि त्या क्षणी मला त्यांचीही किळस आली.

काकांना बढती मिळाली. मास्तर खोकला घेऊन सुटून आले आणि त्याच शाळेत गणित शिकवत बसले. आईनं काकांच्या पानात पुन्हा कधी तेलचटणी वाढली नाही. का, हे त्यांनी विचारलं नाही. लोणच्याशी जेवायचे.

बऱ्याच वर्षांनी कोठी भागातल्या एका सभागृहात स्वातंत्र्यसैनिक म्हणून काकांचा सत्कार झाला. मास्तर तोवर गेले होते. त्यांची बायको माझ्याशेजारी बसली होती. काका व्यासपीठावरून बोलत होते. आता बरणीत लसणाखाली गुप्त चिठ्ठीही असायची म्हणे. तेलात बुडवलेली चिठ्ठी कोण कशी वाचणार, एवढा प्रश्नही त्या भरलेल्या सभागृहात कुणाला पडला नाही.

मी हळूच म्हटलं, "मावशी, तुम्ही उठून सांगा ना."

"कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "ऐकायला कुणी बसलंय का इथं?"

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. मी उठले नाही. कार्यक्रम संपल्यावर काकांना रिक्षानं घरी न्यायचं काम माझ्याकडे होतं.