एक वर्ष वेगळं राहण्याची अट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही — आत कुजत चाललंय, एवढं खरं.

सत्त्याण्णव साली आम्ही आखातात, अल कुसैस भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहत होतो. मी, बायको रेवती आणि सात वर्षांची सई. राहत होतो म्हणजे — एका दाराला कुलूप लावत होतो, इतकंच. मायलेकी आतल्या खोलीत, मी हॉलमधल्या सोफ्यावर. दीड वर्ष तसंच. भांडायचाही कंटाळा आला होता. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरलं. लग्न पुण्यात झालेलं, तेव्हा अर्जही पुण्याच्या कोर्टात. सईला रेवती बरोबर नेणार होती. मी हो म्हटलं होतं — तोंडाने.

वकिलाशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. त्याचे फॅक्स माझ्या ऑफिसात यायचे. मीच वाचायचो, मीच घरी येऊन सांगायचो. कळतंय ना, मी कशाकडे येतोय?

वकिलाने स्वच्छ लिहिलं होतं. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं; पण एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल, तर तेही वेगळं राहणंच. म्हणजे आमचं वर्ष केव्हाच भरलं होतं. लगेच अर्ज करता आला असता. खाली आणखी एक ओळ होती — मूल जिथे रुळलंय तिथून कोर्ट त्याला सहसा हलवत नाही.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेल?

घरी येऊन म्हणालो, "घरंच वेगळी लागतात. वर्षभर. तुझा व्हिसा माझ्यावर, इथे एकटी कुठे राहणार तू? पुण्याला जा. सईची शाळा कशाला मोडायची, वर्षाचाच तर प्रश्न आहे."

तिने एवढंच विचारलं, "नक्की असंच लिहिलंय?"

मी हो म्हणालो. फॅक्स दुपारीच फाडून ऑफिसच्या पॅन्ट्रीत कचऱ्यात टाकला होता. सहा महिने बाहेर राहिली की तिचा व्हिसा बाद होणार, हेही मला माहीत होतं. तेही नाही सांगितलं.

ती गेली. जाताना सईला जवळ घेऊन म्हणाली, "कायदाच तसा आहे गं, राणी." चिडून नाही — माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. तो विश्वास मला आजही सोसत नाही.

वर्ष झाल्यावर अर्ज केला. कोर्टात मुलीचा विषय निघाला तेव्हा रेवती स्वतःच म्हणाली — ती तिकडे रुळली आहे, तिला हलवू नका. मला बोलावंही लागलं नाही. मी शेजारी उभा होतो.

सई आता पंधरा वर्षांची आहे. आईचे फोन घेत नाही. परवा रेवतीचं पत्र आलं, ते मी तिच्यापुढे ठेवलं. न उघडताच म्हणाली, "बाबा, शी लेफ्ट मी. डोन्ट टेक हर साइड."

तिची बाजू — मी? मी कधी घेतली होती? सांगायला तोंड उघडलं, आणि "जेवून घे" म्हणालो.

ती आत गेली. पत्र मी उचललं आणि कपाटात ठेवलं, आधीच्या बंद पत्रांवर.