वहिनींची पन्नासची हवा

शिवाजी पार्कच्या आमच्या कट्ट्यावर कुठलाही विषय निघो, फिरून फिरून तो अनिलच्या ट्रेलरवर येतोच. एक किस्सा सांगावा तर दुसरा त्याच्या पाठोपाठ हजर. पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली हसता हसता कुणीतरी चष्मा पुसायला घेतं.

अनिल बँकेतून रिटायर झाला आणि त्याने गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर घेतला. आत पलंग, ओटा आणि बाथरूम, संपलं. लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस सुचली. पण शुभांगीवहिनींच्या मणक्याचं दुखणं असं होतं, की थोडा वेळ बसल्यावर त्यांना आडवं व्हावंच लागे. आणि त्यांना एकदा वेंगुर्ल्याला माहेरी जायचं होतं. ट्रेलर त्यासाठी होता.

*

पहिली ट्रायल पेणपर्यंत. पंपावर टायरमध्ये हवा भरणाऱ्याने विचारलं, "कितना?" अनिलने आपल्या गाडीचाच आकडा ठोकून दिला, बत्तीस. पनवेलच्या पुढे भरलेला ट्रेलर मागे डुलायला लागला. थांबलो. आमचा प्रभाकर, म्हणजे प्रभ्या, आयुष्यभर इंजिनियर. त्याने ऐटीत टायरला हात लावला आणि चटका बसल्यावर बोट तोंडात घातलं.

"वजन जास्त, हवा कमी. तापून फुटला असता," तो म्हणाला.

वहिनी गाडीतून म्हणाल्या, "भावजी, चांगला तापलाय ना? मग भाकऱ्या टाकते."

तिथूनच परत फिरलो.

*

दुसऱ्या खेपेला सूत्रं प्रभ्याकडे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा त्याने चष्मा लावून वाचला, पासष्ट. तो आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती हवा चालेल त्याचा, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी ट्रेलर जवळजवळ रिकामा. प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो बकरीसारखा उडत होता. वाशीला दार उघडलं तर कपाटं सताड उघडी आणि डाळ, तांदूळ, फुटलेल्या कपांचे तुकडे सगळं जमिनीवर एकत्र.

वहिनींनी आत डोकावून पाहिलं. "खिचडी तुम्हीच केलीत. आता खा."

*

मग कुणीतरी ज्ञान दिलं, की हवा टायर गार असतानाच मोजायची. अनिलच्या प्रभादेवीच्या घरून पंपापर्यंत जाईतो टायर गरम. म्हणून अनिलने हवा भरायचं मशीनच विकत आणलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात ते सुरू केलं, तसे सेक्रेटरी तोंडात ब्रश घेऊनच खाली आले. "अनिलराव, हवा भरताय की परळची गिरणी चालू करताय?"

वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. वरूनच म्हणाल्या, "अहो, आधी जाऊन येऊ या ना. मग करा सावकाश अभ्यास."

"आणि वाटेत टायर फुटून तुला हिसका बसला तर?" अनिल म्हणाला.

त्याचं चुकत नव्हतं. काळजीच होती ती. पण त्या काळजीत किती महिने गेले, ते आठवलं की अजून जीव हळहळतो.

*

शेवटी भरलेल्या ट्रेलरचं वजन करून त्यावरून हवा ठरवायची, असं ठरलं. वहिनींचं सगळं सामान ट्रेलरमध्ये चढवलं: व्हीलचेअर, जाड गादी, वर-खाली होणारी लोखंडी खाट, पाण्याचे कॅन. वडाळ्याच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गेलो. वहिनी हट्टाने बरोबर आल्या. वजन कळल्यावर दोघे पुन्हा भांडायला लागले. प्रभ्या म्हणे पंचावन्न, अनिल म्हणे पंचेचाळीस.

वहिनींनी कोळणीशी पापलेटचा भाव तोडावा तसं एका वाक्यात तोडलं. "पन्नास. आता कुणी तोंड उघडायचं नाही."

दोघांनी मुकाट्याने पन्नास भरली. दादरपर्यंत ट्रेलर ना डुलला ना उडला. वहिनी मागे वळून वळून बघत होत्या. "दिवाळी झाली की निघायचं," म्हणाल्या.

नवरात्रात त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत. एवढ्या लवकर जायचं वय नव्हतं त्यांचं.

*

यंदा दिवाळी झाल्यावर अनिलचा फोन आला. "वेंगुर्ल्याला निघतोय. येताय का?"

मी आणि प्रभ्या पहाटे प्रभादेवीला पोचलो. ट्रेलर जोडून तयार होता. बॅग ठेवायला प्रभ्याने दार उघडलं आणि तो तिथेच थांबला. आत व्हीलचेअर, गादी, लोखंडी खाट, पाण्याने भरलेले कॅन, सगळं दोरीने नीट बांधलेलं.

 मग प्रभ्याने खाली बसून टायरची हवा तपासली. बरोबर पन्नास.

"अन्या," तो हळूच म्हणाला, "हे सामान वर घरात ठेवून येऊ या रे. मी हवा कमी करतो. दोन मिनिटांचं काम."

अनिलने दार लावून घेतलं, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"हवेला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आणि सामान काढलं तर ट्रेलर उडेल. चला, बसा."