भातखाचरातली दहा बाय दहा

तुळिंजला खोली बघायला गेलो तेव्हा मे महिना होता आणि खोली अजून बांधायची होती. दलाल स्टेशनवर न्यायला आला, तो भर उन्हात पँट गुडघ्याच्या वर दुमडून. मला वाटलं, माणूस साधा आहे.

कोरड्या भातखाचरात त्याने छत्रीच्या टोकाने चौकोन ओढला. "ही मोरी, हा स्टोव्ह, इथे खाट." बायकोने बजावलं होतं, म्हणून मी आडवा पडून बघितलं. पाय भिंतीबाहेर गेले. त्याने चपलेने रेघ पुसली आणि हातभर पुढे मारली. "घ्या साहेब, वाढवली!" जागा शेजाऱ्याच्या खोलीतून गेली, पण शेजारी अजून यायचा होता.

"पावसात पाणी भरतं का हो?"

"पानी? अहो, इथे प्यायला मिळत नाही, भरायला कुठून येणार?"

मला हे इतकं पटलं की मी तिथेच होकार दिला.

खोली बांधली गेली ती पहिल्याच रेघेवर. पुढच्या जुलैत खाटेवर पाय घेऊन बसलो असताना मला त्याची पँट आठवली. मी माझी तेवढीच दुमडली आणि खाली उतरलो. घडी भिजली नाही. त्याच्या सगळ्या मापांत तेवढं एक बिनचूक निघालं.