चूक एकाची, माफी टीमची

किटबॅगच्या तळाशी जुने टेनिस बॉल साठतात ना, तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमच्या बॅगेतले निम्मे किस्से एकट्या रोशनचे आहेत.

आमची टीम बाळकुमची, टेनिस क्रिकेटची. मालक बाळारामशेठ. त्यांचे वडील मिठागरावर राबले. आता त्या बाजूला टॉवर झाले, हातात पैसा आला आणि शेठनी टीम काढली. रोशन आमचा स्टार बॅट्समन. यूट्यूबवर लाइव्ह मॅच असली की लोक फक्त त्याच्या सिक्ससाठी बघतात. मी विकेटकीपर, ठाकुर्लीला राहतो, दिवसा स्लायडिंग खिडक्या बसवतो. मला बोलायला जड जातं. शाळेत उभं राहून धडा वाचायला लागायचा, म्हणून मी नववीत शाळा सोडली. बाकीची कारणं घरच्यांनी नंतर जोडली.

आणि सांगायचंय ते मुख्यतः त्या सीझनचं, जेव्हा रोशनची बायको, प्रिया वहिनी, बॅग भरून टिटवाळ्याला माहेरी गेल्या. त्या परत येतात की नाही, याच्यावर आमच्या सगळ्यांचा जीव टांगलेला!

*

पण आधी शेठचा नियम सांगतो. तो रिक्षावाल्यामुळे आला.

रोशनने ठाकुर्लीला एका रिक्षावाल्याच्या कानाखाली मारली. कारण काय, तर त्याने रोशनला ओळखलं नाही! शेठना कळलं. त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि सगळ्यांना टेम्पोत बसवलं.

"शेठ, मारलं रोशनने. आम्ही कशाला?" कॅप्टन म्हणाला.

"त्यानं सिक्स मारला की सगली टीम नाचते ना? मंग कानाखाली मारली तं एकटाच कसा रं?"

आम्ही बाराच्या बारा जण जर्सी घालून रिक्षा स्टँडवर उतरलो. तो रिक्षावाला आमच्याकडे बघतच राहिला आणि रिक्षा तिथेच टाकून जो पळाला!

शेठ हातात नारळ घेऊन त्याच्या मागे. "अरं थांब! माफी मागाला आलोय!"

तो अजून जोरात पळाला.

शेवटी त्याच्या दोस्ताने त्याला पकडून आणलं. रोशनने माफी मागितली, नारळ दिला. परत येताना शेठनी सगळ्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "यापुढं माफी मागाला जाताना बॅटी टेम्पोत ठेवाच्या."

*

डोंबिवलीच्या एका टीमचे मालक शेठना भेटायला आलेले. म्हणाले, "शेठ, स्टार प्लेअरचं असं चारचौघांत आणायचं नसतं. झाकायचं असतं. आम्ही झाकतो."

शेठ म्हणाले, "नासलेलं म्हावरं झाकून कोणाचं ताजं झालंय?"

मग त्यांनी पाहुण्याला जेवायला थांबवलं. जेवायला मासेच होते. पाहुण्यांनी दोनदा वास घेतला!

*

आता माझी चूक.

रोशनने घरी सांगितलं, "टीमचा चार दिवस कॅम्प आहे." कॅम्प कसला! तो एका मुलीबरोबर रिसॉर्टला गेलेला. जाताना वहिनींना माझा नंबर देऊन गेला. मला म्हणाला, "तू कमी बोलतोस रे. तुझ्यावर कोणाला डाउट येत नाय."

दुपारी वहिनींचा फोन आला.

"भाऊ, कॅम्प कसा चाललाय?"

"चांगला."

"रोशन फोन उचलत नाहीये. कुठंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बॅटिंग करतोय."

तीन तासांनी परत फोन. "भाऊ, आता तरी द्या ना त्याला."

"अजून बॅटिंग चालू आहे, वहिनी."

"तीन तास?"

"नॉट आउट आहे!"

त्यांनी शांतपणे फोन ठेवला आणि शेठना लावला. शेठना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही. ते म्हणाले, "कंचा कॅम्प, पोरी?"

त्याच संध्याकाळी वहिनी टिटवाळ्याला गेल्या.

*

शेठनी रोशनला सगळ्यांसमोर सांगितलं, "ती परत येईपर्यंत तू बारावा. पाणी आणाचं."

चार दिवसांवर फायनल! कॅप्टन रडकुंडीला आला. "शेठ, हरू आपण!"

"हरू. दर फायनलला कोणीतरी हरतंच."

*

मला मात्र झोप लागेना. एका सकाळी मी शेठच्या घरी गेलो आणि गेटबाहेर तासभर उभा राहिलो. शेठच्या बायकोने, काकींनी, आत बोलावून भाकरी वाढली. ती संपली तरी माझा शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "शेठ, वहिनींशी मी पण खोटं बोललो. फोनवर."

मला वाटलं, टीममधून काढतील.

शेठ म्हणाले, "भाकरी अजून घे." मग म्हणाले, "टिटवाल्याला पयला शब्द तू बोलाचा."

तेव्हा मला तो दंड वाटलेला. आज मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलतो, ते त्या दंडामुळे. शेठचे उपकार मोजायला बसलो तर सुरुवात त्या भाकरीपासून करावी लागेल.

*

फायनल आम्ही चार रनांनी हरलो. रोशन बाटल्या घेऊन आत-बाहेर पळत होता आणि लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते.

मॅच संपली तसेच आम्ही टेम्पोत बसलो. टिटवाळ्याची नवी बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट बंद. बॅटी टेम्पोतच ठेवलेल्या. वहिनींच्या वडिलांनी दार उघडलं आणि जिन्यावर खालपर्यंत नुसत्या जर्स्या बघून ते दोन पावलं मागे सरकले. वहिनी पुढे आल्या.

शेठनी मला कोपर मारलं. घरून पाठ केलेलं सगळं विसरलो.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी तो नॉट आउट नव्हता."

जिन्यावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रोशन पुढे आला. लाखभर लोक बघत असताना न घाबरणारा माणूस नारळ दोन्ही हातांनी धरून उभा होता. "मी खोटं बोललो, प्रिया," एवढंच त्याला जमलं.

वहिनी म्हणाल्या, "मॅच बघितली मी लाइव्ह. आत या सगळे. रोशन, सगळ्यांना पाणी दे. आज तेवढंच नीट केलंस."

तो किचनमध्ये गेला आणि तिथून त्याने विचारलं, "ग्लास कुठे असतात?" लग्नाला तीन वर्षं झालेली, सासरी कधी उठून पाणी घेतलं नव्हतं!

सगळ्यांना देऊन झाल्यावर शेवटचा ग्लास त्याने वहिनींपुढे धरला. त्यांनी तो घेतला, अर्धा प्यायल्या आणि शेठकडे वळून म्हणाल्या,

"शेठ, मी घरी येते. तुमच्याकडे याला खेळवायचं तर खेळवा. पण माझ्याकडे हा अजून बारावाच!"